चंदीआधी वैरण

घोड्याच्या उजव्या कुशीला, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात कान लावून उभे राहा. थोडा धीर धरा. आधी बारीक गुडगुड ऐकू येते. मग मिनिटाला एकदा-दोनदा मोठा खळखळाट होतो, भरला हंडा कुणी लांब नळातून रिता करावा तसा. लहान आतड्यातला ऐवज अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत, उतरतानाचा हा आवाज. घोडा धडधाकट असेल तर तो दिवसरात्र चालू असतो. तबेल्यातला जाणता मोतद्दार घोडा मलूल दिसला की आधी दोन गोष्टी विचारतो : कुशीत आवाज आहे का, आणि सकाळपासून लीद किती वेळा पडली?

आवाज थांबला, घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघू लागला, घामाघूम होऊन लोळू लागला, की समजावे पोटशूळ उठला. या जनावराला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूंचा वेढा इतका घट्ट असतो की आत गेलेले पुन्हा वर येत नाही. म्हणून चुकीचे खाणे घोड्याला माणसापेक्षा फार महाग पडते. घोडे दगावण्याच्या कारणांत पोटशूळ जगभर अगदी वरच्या रांगेत आहे.

गेल्या काही वर्षांत ‘पोटाचे आरोग्य’ हा शब्द घोडेवाल्यांपासून कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आला. आतड्यातले सूक्ष्मजीव, त्यांना पोसणारे तंतू, जिवंत जीवाणूंच्या पुड्या, यीस्टची पावडर यांनी दुकानांचे कप्पे भरले. यातले किती खरे, किती उपयोगाचे, आणि सुरुवात कुठून करायची? जे वाचले, पाहिले, त्यावरून माझे मत पक्के होत गेले आहे. पोटाचे आरोग्य पुडीत नसते. जनावराच्या आतड्याची घडण जशी, तसा त्याचा मूळ आहार असला पाहिजे, आणि तो सावकाश, नेमाने मिळाला पाहिजे. बाकी सगळे त्यानंतर. तबेल्याच्या भाषेत सांगायचे तर चंदीआधी, म्हणजे दाण्याआधी, वैरण.

पाठीमागे ठेवलेली भट्टी

५०० किलोच्या घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने ते पिशवीएवढेच. माणसाचे जठर मुख्यतः जेवणाच्या वेळी आम्ल सोडते. घोड्याचे जठर ते अखंड सोडत राहते. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते, आणि दिवसभर चरणाऱ्या घोड्याला ती ३५ ते ४० लिटर सुटते. एक किलो वाळले गवत खायला घोडा तीन हजारांहून अधिक वेळा जबडा हलवतो. एक किलो ओट तो हजारभर चावण्यांत संपवतो. म्हणजे दाणा जितका लवकर पोटात जातो, तितकी लाळ कमी. शिवाय जठराच्या वरच्या भागाला श्लेष्माचे संरक्षक अस्तर नसते. पोट रिकामे ठेवून घोडा पळवला की खालचे आम्ल उसळून त्या उघड्या भागावर येते आणि तिथे व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांची दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा अनेक पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ घोड्यांच्या जठरात व्रण सापडले, ते यामुळे.

जठरापुढे वीस-बावीस मीटर लहान आतडे. इथे दाण्यातला स्टार्च, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचतात. घोड्याला पित्ताशय नसते. थोडेथोडे सतत खाणाऱ्याला पित्त साठवून ठेवायची गरज पडली नाही. खरा कारखाना त्याच्याही मागे आहे : ३० लिटरच्या आसपासचा अंधनाल आणि त्याला जोडलेले सुमारे ८० लिटरचे मोठे आतडे. गाय-म्हैस आपली भट्टी पुढे, जठराच्या आधी ठेवते. घोडा ती मागे ठेवतो. इथे अब्जावधी जीवाणू, बुरशी आणि एकपेशीय प्राणी गवतातला चोथा आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी मेदाम्ले तयार करतात. वैरणीवर जगणाऱ्या घोड्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा याच आम्लांतून येते. आपण घोड्याला गवत घालतो असे म्हणतो खरे, पण घालतो ते या जीवांना. ते घोड्याला पोसतात.

शिंगराला हे बिऱ्हाड जन्मतः मिळत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत शिंगरू आईची ताजी लीद हुंगते, थोडी खाते. नव्याने घोडे पाळणारा माणूस ते पाहून दचकतो आणि शिंगराला मारून हटवतो. तसे करू नये. आईच्या पोटातले विरजण लेकराच्या पोटात जाण्याची ही वाट आहे.

चंदीचा हिशेब

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी वैरण मिळावी, हा आज जवळजवळ सर्वमान्य नियम आहे. दोन टक्के दिली तर उत्तम. आपल्याकडचा ३५० किलोचा घोडा धरला तर ही वैरण सव्वापाच ते सात किलो झाली, तीही ओलावा वजा करून. दोन वैरणींत सहा तासांहून मोठी फट पडू नये. रात्री आठला गवत टाकून सकाळी सातला चंदीचा तोबरा बांधणे ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. त्यात अकरा तास आम्ल सुटत राहते आणि पोट रिकामे असते.

डेन्मार्कमधल्या २०१ घोड्यांवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. एका वेळच्या चंदीत शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा अधिक स्टार्च गेला की जठरव्रणाची जोखीम वाढते, असे त्यात दिसले. मोकळ्या पटांगणात पाणी नसले तर ती अडीचपट झाली. ज्या घोड्यांना वैरण म्हणून फक्त धान्याचे काड मिळत होते, त्यांच्यात ती चौपटीहून अधिक होती. म्हणजे वैरण नुसती पोट भरणारी असून भागत नाही. तिच्यात कसही हवा.

हा एक ग्रॅमचा नियम आपल्या मापात आणून पाहू. ३५० किलोच्या घोड्याला एका वेळी ३५० ग्रॅम स्टार्च. ओटात किंवा हरभऱ्यात स्टार्च चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे एका खेपेला पाऊण किलोच्या थोडे पुढेमागे. मक्यात तो पासष्ट-सत्तर टक्के. म्हणजे अर्धा किलो झाला की थांबावे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलोंचे तोबरे चढवण्याऐवजी तेवढीच चंदी चार खेपांत विभागली, तर निम्मे काम झाले.

दाणा एकदम जास्त गेला तर काय होते? लहान आतड्याला पचवता न आलेला स्टार्च मागच्या भट्टीत उतरतो. तिथे लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू बेफाम वाढतात. भट्टीतली आम्लता वाढते, चोथा पचवणारे सज्जन जीव मरतात आणि त्यांच्या फुटलेल्या पेशींतले विष रक्तात शिरते. मग पोटशूळ, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खुरांच्या आतला दाह, म्हणजे लॅमिनायटिस. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे देऊन उभा राहतो. प्रत्येक पाऊल निखाऱ्यावर पडल्यासारखे. कोठीचे दार उघडे राहिले आणि रात्रीत घोड्याने धान्याच्या पोत्यात तोंड घातले, तर सकाळी तो ठणठणीत दिसला तरी लगेच पशुवैद्याला बोलवावे. दुखणे पोटातून पायात उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळच वाचवायचा असतो.

जीवाणूंना नवे अन्न ओळखायलाही वेळ लागतो. म्हणून चंदी असो वा वैरण, बदल दहा ते चौदा दिवसांत करावा : जुन्यात मूठभर नवे, मग चौथाई, मग निम्मे. दाणा बदलताना ही काळजी बरेच जण घेतात. गवताची गाडी बदलली की विसरतात. टेक्सासमधल्या घोड्यांवरच्या १९९९ सालच्या अभ्यासात अलीकडे आहार बदललेल्या घोड्यांत पोटशूळ जास्त आढळला, आणि त्यात गवताचा प्रकार बदलणेही होते. नवी गाडी यायच्या आधी जुने गवत आठवडाभराचे तरी शिल्लक असावे.

कामाच्या आधी अर्धा तास थोडी लसूणघास घातली तर फायदा होतो. तिच्यातले कॅल्शियम आणि प्रथिने आम्ल शमवतात, आणि तिचा थर आम्लाला उसळू देत नाही. गव्हाचा कोंडा मात्र जपून. त्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट असतो. कोंड्यावरच पोसलेल्या घोड्याच्या हाडांतले कॅल्शियम हळूहळू ओढले जाते आणि जबड्याची हाडे सुजतात. इंग्लंडात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार होई. आणखी एक इशारा : कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य घोड्यापुढे कधीही ठेवू नये. त्यात मोनेन्सिनसारखी औषधे असू शकतात. कोंबडीला सहज पचणारी मात्रा घोड्याच्या हृदयाला जीवघेणी ठरते.

पावसाळ्याची वैरण

आपल्याकडे घोडा अजून कामाचा आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने माणसे आणि सामान घोड्यांवरूनही जाते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. वरातीचे घोडे, टांग्याचे घोडे, वीटभट्टीवरची खेचरे-गाढवे. या सगळ्यांची पोटे आतून सारखीच. पण यांच्या मालकांचा हात आखडलेला असतो, आणि सगळ्यात आधी वैरणीतच काटकसर होते.

पावसाळा सर्वांत कठीण. गवताची गंजी एकदा भिजली की आतून तापते आणि बुरशी धरते. वरून पिवळी दिसणारी पेंढी मधोमध उघडून नाकाजवळ नेली की कुबट वास येतो, पांढरी धूळ उडते. ती पेंढी कितीही महागाची असली तरी टाकून द्यावी. बुरशीचे विष झटकून जात नाही, आणि वाळवूनही नाही.

शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या दळवटण्याला छावणी केलेल्या लष्कराला लिहिलेले पत्र इतिहासात मुख्यतः रयतेच्या कळवळ्यासाठी वाचले जाते. घोडे सांभाळणाऱ्याने ते आणखी एका नजरेने वाचावे. दाणा आणि गवत आज बेहिशेबी उडवाल तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. जीवाणूंची गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. वैरण अखंड पुरली पाहिजे, एवढे मात्र स्वच्छ कळलेले होते.

पाण्याचा उल्लेख आहारात कुणी करत नाही, तो करायलाच हवा. मोठ्या घोड्याला आरामाच्या दिवशीही २५ लिटरच्या आसपास पाणी लागते. उन्हात, कष्टात त्याच्या दुप्पट. भरड कडबा आणि अपुरे पाणी एकत्र आले की मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर चोथ्याचा बोळा अडकतो. थंडीत घोडा कमी पाणी पितो, तेव्हा त्याला कोमट पाणी दाखवावे.

कुत्रा : पोळी चालते, पण

कुत्रा लांडग्यापासून आला म्हणून त्याला मांसच घाला, असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ नियतकालिकात याला उत्तर दिले. स्टार्च पचवणारे अमायलेज हे विकर बनवण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी बसून, त्याच्या ताटातले उरलेले खात खात कुत्रा आतूनही बदलला. त्यामुळे शिजवलेला भात, भाकरी, पोळी त्याला पचते.

पण पचणे आणि पुरणे यांत अंतर आहे. दूध-पोळीवर वाढलेली कुत्री आपल्या गावोगावी दिसतात. मोठ्या कुत्र्यात दुधातली साखर पचवणारे विकर कमी झालेले असते, म्हणून दूध जास्त झाले की पातळ शी होते. दही किंवा ताक त्यापेक्षा बरे सोसते. प्रथिने, कॅल्शियम, जस्त, आवश्यक मेदाम्ले मात्र दूध-पोळीतून पुरेशी मिळत नाहीत. उलट टोकाला, रोज नुसते उकडलेले चिकन घालणाऱ्यांच्या पिल्लाला हाडे नसलेल्या मांसातून कॅल्शियम मिळत नाही आणि त्याचे पाय वाकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली घरी रांधायच्या २०० पाककृती तपासल्या; ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. घरचे अन्न वाईट नाही. पण ते कायम घालायचे असेल तर ते एकदा आहार जाणणाऱ्या पशुवैद्याकडून बांधून घ्यावे. नाहीतर ‘संपूर्ण आहार’ असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले खाद्य अधिक सुरक्षित.

कच्च्या मांसाच्या आहाराची लाट आपल्या शहरांतही आली आहे. अशा आहाराने आतड्यातले जीवाणू बदलतात, हे खरे. त्याने आजार कमी होतात, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. साल्मोनेलासारखे जीवाणू कच्च्या मांसातून कुत्र्याच्या तोंडात, तिथून पोरांच्या हातांवर येतात. ज्या घरात रांगते मूल किंवा आजारी म्हातारे माणूस आहे, तिथे हा प्रयोग करू नये.

आमच्या मोतीची गोष्ट सांगतो. वर्षातून चार-पाचदा त्याचे पोट बिघडे. दर वेळी त्याच पिवळ्या गोळ्यांची पट्टी मिळे, दोन दिवसांत शी घट्ट होई आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. दोन वर्षांनी एका तरुण पशुवैद्य बाईंनी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि वही मागितली. पंधरा दिवस त्याच्या तोंडात काय काय गेले, सगळे लिहून आणायला सांगितले. वही भरली तेव्हा आम्हालाच लाज वाटली : सकाळी मारी बिस्किटे, दुपारी शेजारच्यांचा रस्सा-भात, संध्याकाळी फरसाण, रात्री त्याचे स्वतःचे खाद्य. बाईंनी एकच आहार बांधून दिला आणि घरातल्या सगळ्यांकडून कबुली घेतली. त्यानंतर ती पट्टी आणायची वेळ आली नाही.

मोतीचा अनुभव एकट्याचा नाही. ज्यांना महिनोन्‌महिने जुलाब होतात अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक नुसत्या आहारबदलाने सुधारतात, आणि बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो. म्हणून आज आतड्याच्या जुनाट दुखण्यात पहिली पायरी आहाराची. पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास खाद्य. आतडे जीवनसत्त्व बी-१२ शोषू शकत नसेल तर ते वेगळे द्यावे लागते. साध्या जुलाबात मेट्रोनिडॅझोल देण्याची सवय मात्र मोडायला हवी. निरोगी कुत्र्यांना ते दोन आठवडे दिले तेव्हा आतड्यातल्या जीवांची घडी विस्कटली, आणि औषध थांबवून चार आठवडे झाले तरी काहींत ती पूर्ण बसली नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२४ साली दिलेला सल्लाही तोच आहे : कुत्र्याचा जुलाब सौम्य असेल तर प्रतिजैविके देऊ नयेत.

‘पोट बिघडलेय, उपाशी ठेवा’ हा सल्लाही आता मागे पडतो आहे. दक्षिण आफ्रिकेत पार्व्हो विषाणूने आजारी पडलेल्या ३० पिल्लांवर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलेल्या पिल्लांपेक्षा पहिल्या दिवसापासून नळीने अन्न दिलेली पिल्ले लवकर सावरली. आतड्याच्या पेशी बऱ्याच अंशी आतड्यातल्या अन्नावर जगतात. त्यांना उपास घडवला की त्या झडतात. साध्या जुलाबात मऊ भात आणि उकडलेले चिकन थोडेथोडे, चार-पाच वेळा द्यावे. शी घट्ट व्हायला शिजवलेला लाल भोपळा किंवा भिजवलेले इसबगोल उपयोगी पडते. इसबगोल आपल्या गुजरात-राजस्थानातलेच पीक. परदेशातल्या महागड्या डब्यांवर ‘सिलियम’ म्हणून तेच छापलेले असते.

दिवाळीचे चार दिवस वेगळी काळजी घ्यावी. चकली, शंकरपाळी, तळणाचे तेल एकदम पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पाठीची कमान करून उभा राहतो, सारखा ओकतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि साखरविरहित च्युइंगममधले झायलिटॉल हे त्याला विषच आहेत.

मांजर : शाकाहारी घरातला मांसाहारी जीव

मांजराच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. पोळी कुरतडणारी, दुधावर झडप घालणारी मांजर शरीराने पक्की मांसाहारी आहे. टॉरिन तिला अन्नातूनच मिळावे लागते, आणि ते प्राणिज पदार्थांतच असते. १९७५ च्या सुमारास टॉरिन नसलेल्या खाद्यावरच्या मांजरांचे डोळे जाताना दिसले. १९८७ साली डेव्हिसच्याच पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की बाजारातल्या खाद्यातही टॉरिन कमी पडल्याने मांजरांची हृदये फुगत आहेत, आणि ते पुरवले की बरी होत आहेत. त्यानंतर खाद्य-कंपन्यांनी त्यात टॉरिन वाढवले. जीवनसत्त्व अ मांजर गाजरातून बनवू शकत नाही. ते तिला तयारच मिळावे लागते.

शाकाहारी घरात मांजर पाळणाऱ्यांची घालमेल मी समजू शकतो. तरी सांगावे लागते, मांजरीला आपल्या नेमात बसवणे म्हणजे तिला हळूहळू आजारी पाडणे. मांस हाताळणे नको वाटत असेल तर संपूर्ण आहाराचे तयार पाकीट हा सरळ मार्ग आहे. ओले खाद्य असेल तर आणखी बरे, कारण मांजर पाणी कमी पिते आणि तिची शी सहज कडक होते. दूध हे तिचे अन्न नव्हे. बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये.

ससा : लहान घोडा

ससा आणि गिनीपिग यांचे पोट घोड्याच्या जातीचे, भट्टी मागे असलेले. त्यांच्या आहाराचा बहुतेक भाग वाळलेले गवत असले पाहिजे. गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे. ससा अंधनालात आंबवलेल्या मऊ गोळ्या पुन्हा खातो, म्हणजे त्यातली जीवनसत्त्वे आणि प्रथिने दुसऱ्या फेरीत मिळतात. ससा स्वतःची शी खातो म्हणून हळहळू नये. गिनीपिगला आपल्यासारखेच जीवनसत्त्व क बाहेरून लागते. बारा तास ससा खात नसेल, लेंडी टाकत नसेल, तर उद्याची वाट पाहू नये.

आतड्यातले जीव म्हणजे काय, हे सशाइतके स्पष्ट कुणी दाखवत नाही. माणसाला आणि कुत्र्याला सर्रास मिळणारे तोंडावाटेचे अॅमॉक्सिसिलिन सशाला किंवा गिनीपिगला दिले, तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि जनावर काही दिवसांत मरू शकते. औषधाने त्याच्या शरीराला थेट इजा केलेली नसते. त्याच्या भट्टीतले कामकरी मारलेले असतात.

पुड्यांचे खरेखोटे

आता त्या पुड्यांकडे वळू. जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, याने घोड्याच्या भट्टीत चोथा थोडा अधिक पचतो आणि जास्त चंदीने वाढणारी आम्लता काहीशी आवरते, असे काही अभ्यासांत आढळले. काहींत फरक दिसला नाही. कोलोरॅडोतल्या एका प्राणिनिवाऱ्यात एंटेरोकॉकस फेसियम जीवाणूचा एक वाण रोज खाद्यात मिसळून दिला, तेव्हा दोन दिवसांहून लांबलेला जुलाब २०.७ टक्क्यांवरून ७.४ टक्के मांजरांपर्यंत खाली आला. त्याच निवाऱ्यातल्या कुत्र्यांत फरक दिसला नाही. म्हणजे विशिष्ट वाण, विशिष्ट जनावर, विशिष्ट परिस्थिती असेल तेव्हा फायदा, सरसकट नाही.

नुकसानही होऊ शकते. कॅनडातल्या ओंटारिओत नवजात शिंगरांना जुलाब होऊ नये म्हणून एक लॅक्टोबॅसिलस जीवाणू पाजला, तेव्हा न पाजलेल्या शिंगरांपेक्षा त्यांनाच जास्त त्रास झाला. त्याच संशोधकांच्या गटाने २०११ साली जनावरांसाठीची २५ उत्पादने तपासली. लेबल नीट आणि आतला माल लेबलाप्रमाणे, अशी फक्त दोन निघाली. जिवंत जीवाणूंची पुडी उन्हाळ्यात बंद गाडीतून आली आणि दुकानाच्या काचेआड महिनोन्‌महिने राहिली, तर आतले किती जिवंत असतील, हा विचार घेणाऱ्याने करावा.

माझा क्रम असा आहे. आधी मूळ आहार. मग वेळ आणि वाटे. मग पाणी, जंतनाशक आणि दातांची तपासणी. कारण दात टोकदार झालेल्या घोड्याला कितीही उत्तम वैरण घातली तरी ती नीट चावली जात नाही, आणि लिदीत लांब काड्या दिसतात. हे सगळे करूनही पोट बसत नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, वाणाचे नाव लिहिलेली पुडी, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली आणि फरक नसेल तर बंद.

रोजची वही

या सगळ्याला लागणारी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे शंभर पानी वही. घोड्याने किती वैरण खाल्ली, किती सांडली, लीद किती वेळा, तिचे गोळे सुटे की चिकट. कुत्र्याची शी उचलता येते की पसरते. मांजरीचे मातीचे तबक कोरडे आहे का. सशाच्या लेंड्या कालच्याएवढ्याच मोठ्या आहेत का. आतड्यात डोकावण्याची आपल्यापाशी तेवढीच खिडकी आहे, आणि ती रोज उघडावी लागते. बदल सुरू होताना शीमध्ये दिसतो; वेदना नंतर येतात.

जनावराला खाऊ घालणे ही आपली माया व्यक्त करायची सगळ्यात सोपी रीत. म्हणूनच हात सैल सुटतो : घोड्याला जास्तीचा तोबरा, कुत्र्याला आपल्या ताटातला घास, मांजरीला वाटीभर दूध, सशाला गाजर. माया तीच राहू दे, तिला फक्त जनावराच्या आतड्याची ओळख हवी. घोड्याला मूठभर जास्त हरभरा घालण्यापेक्षा रात्री अकराला उठून पेंढीभर गवत टाकणे जास्त कष्टाचे आहे. ते टाकून झाल्यावर घटकाभर त्याच्या कुशीला कान लावावा. दाढांची सावकाश करकर ऐकू येते, आणि तिच्या मागून, मिनिटाभराने, तो खळखळाट.